ओवी, उकड आणि आपली आवड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की, या वर्षी बाहेरच्या वक्त्यांबरोबर आपल्यातल्याही एकीने बोलायचे आहे आणि विषय 'अन्न, गाणे आणि आपला रोजचा दिवस' असा आहे. मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी कसली भाषण करते?" त्यावर त्या म्हणाल्या, "सातवीनंतर तुमचा स्वयंपाक थांबला की गाणे थांबले?" याला काही उत्तर देता येईना, म्हणून आज आपल्यापुढे उभी आहे. मी काही विदुषी नव्हे. जे पाहिले, जे केले आणि त्यातून जे मनात आले, तेवढेच सांगणार आहे.

माझे माहेर जुन्नर तालुक्यातले. खोपटाच्या डेपोतून गाडी धरावी, कल्याण, मुरबाड मागे टाकून माळशेज घाट चढावा, की आमचा मुलूख लागतो. तिथे बाजरीची भाकरी, हुलग्याचे पिठले आणि सणावारी मासवडी. लग्न होऊन ठाण्यात आले ते भाताच्या घरात. सासरची मंडळी मूळची रत्नागिरीकडची. दोन्ही वेळा भात, त्यावर मासळीचे कालवण नाही तर कुळथाची पिठी. भाकरी असली तरी ती तांदळाची. पहिल्या वर्षी मला पोटभर जेवूनही जेवल्यासारखे वाटत नसे. पुढे जिभेला सवय झाली. आपल्या बायकांच्या जिभेला सवय होते, आणि ही सवय होणे आपण इतके स्वाभाविक धरतो की त्याबद्दल कुणी दोन शब्दही बोलत नाही. आज मला नेमके त्याबद्दलच बोलायचे आहे. पण आधी जात्यापासून सुरुवात करते.

आजकाल जात्याचे फार कौतुक होते. मोठ्या घरांच्या दारात जाते मांडून त्यावर फुलझाडाची कुंडी ठेवलेली मी पाहिली आहे. माझ्या आईचे जाते मात्र कुंडीचे नव्हते. गावात पिठाची गिरणी होती, पण वीज गेली की गिरणी बंद, आणि वीज कधी जाईल याचा नेम नसे. डाळ भरडायची ती तर जात्यावरच. आई पहाटे उठायची. एक पाय लांब करायचा, दुसरा मुडपायचा, खुंटा मुठीत धरायचा, डाव्या हाताने जात्याच्या तोंडात घास घालायचा आणि उजव्या हाताने ती दगडी पाळी फिरवायची. हात भरून आला की हात बदलायचा. जाते गुळगुळीत झाले की टाकी लावणारी बाई दारावर यायची आणि छिन्नीने दगडाला खडबडीत करून जायची. मग काही दिवस पिठात दगडाची कचकच लागायची. हे सगळे आठवते म्हणून सांगते की, जाते गेले ते बरे झाले. आपल्या लेकीसुनांना पुन्हा जात्यावर बसवावे, असे मी म्हणणार नाही. आपणही कुणी म्हणू नये.

परंतु जात्याबरोबर आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे ओवी. आई जात्यावर बसली की गायची. दिवसभर तिच्या तोंडून गाणे कधी निघाले नाही, आणि जात्यावर बसली की ओवीमागून ओवी. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, मग भावाला. त्यानंतर हळूहळू पोटातले बाहेर येई. भाऊ पुष्कळ दिवसांत आला नाही, नणंदेने काय बोल लावला, लेकीच्या लग्नाची काळजी, पाऊस लांबला, असे सगळे त्या दोन-दोन ओळींत बसायचे. घरातली माणसे झोपलेली असत. जात्याच्या घरघरीत शब्द कुणाला नीट ऐकू जात नसत. जे दिवसा सासूपुढे बोलता येत नव्हते, ते पहाटे दगडाला सांगता येई. माझ्या मते, ओवी ही त्या बायकांची हौस नव्हती. हाताला जोर यावा, डोळ्यावरची झोप उडावी आणि मनावरचे ओझे उतरावे, या तिन्ही कामांसाठी ती होती.

आपल्याकडे ही परंपरा फार जुनी आहे. संत जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करीत, आणि त्या कामांतच त्यांचे अभंग झाले. त्याआधी महानुभाव पंथातल्या महदाइसेने तेराव्या शतकात लग्नाचे धवळे रचले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचे नाव घेतात. आणि धवळे म्हटले की आपल्या ठाणे जिल्ह्याला लांब जायला नको. इथल्या आगरी समाजात लग्नाचे धवले गाणारी धवलारीण असते. हळदीपासून तिचे गाणे सुरू होते, आणि एकेका विधीला एकेक धवला असतो. म्हणजे सातशेहून अधिक वर्षांपूर्वी बायका लग्नात जे गात होत्या, त्याचे नावसुद्धा आपल्या शेजारच्या मांडवात अजून जिवंत आहे.

खानदेशातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे नाव आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १८८० साली जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या जात्यावर, चुलीपाशी, शेतात काम करताना गात. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आणि एक आप्त यांनी ती गाणी वेळोवेळी कागदावर उतरून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. नंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. जरा विचार करा. त्या कुणी उतरून घेतल्या नसत्या, तर आज शाळेतली मुले जी कविता पाठ करतात, ती एका म्हाताऱ्या बाईबरोबर मसणवटीत गेली असती. आणि अशा किती गेल्या असतील, त्याची तर मोजदादच नाही.

थोड्या वाचल्या आहेत. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री-जीवन' हा संग्रह केला. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवँ या दोघांनी खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावे आणि लाखाहून अधिक ओव्या, एवढे ते काम झाले. ते दोघेही आता हयात नाहीत, पण त्या ओव्या जतन झाल्या आहेत. माझ्या मुलीने मला त्यांतल्या काही मोबाईलवर लावून दिल्या. मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते आणि लाटणे तसेच हातात राहिले. कुठल्या गावची बाई, माझ्या ओळखीची ना पाळखीची, पण चाल माझ्या आईचीच!

आता जाते गेले आणि त्याच्या जागी रेडिओ आला. आमच्या आजेसासूबाई मी लग्न होऊन आले तेव्हा हयात होत्या. त्या इथल्याच चाळीतल्या. त्या सांगत, १९५५ साली रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले, तेव्हा चाळीत एकाच बिऱ्हाडात रेडिओ होता. गाण्याच्या दिवशी बायका सकाळची कामे आटपून त्या बिऱ्हाडात जमत. रेडिओला हार घालीत आणि उदबत्ती लावीत. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांची चाल, अशी छप्पन्न गाणी पुढे वर्षभर चालली. आजेसासूबाई म्हणत, "ते एक वर्ष आमच्या चाळीत त्या वेळेला कुणाचीही भाजी करपली तरी चालायची."

सासूबाईंच्या काळात घरोघर रेडिओ झाला. मुंबई केंद्रावर बायकांसाठी 'वनिता मंडळ' लागे आणि श्रोत्यांच्या पसंतीच्या गाण्यांचा 'आपली आवड' हा कार्यक्रम लागे. जनकवी पी. सावळाराम हे तर आपल्या ठाण्याचेच. पुढे ते ठाण्याचे नगराध्यक्षही झाले. त्यांनी सासर-माहेराची जी गाणी लिहिली, ती लता मंगेशकरांच्या आवाजात लागली की सासूबाई हातातले काम न थांबवता पदराने डोळे टिपत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी 'आपली आवड'ला एक पोस्टकार्ड पाठवले होते म्हणे. त्यात घरातल्या सगळ्यांची नावे घातली. आधी सासऱ्यांचे, मग यजमानांचे, दिरांचे, नणंदांचे. स्वतःचे नाव लिहायला कार्डावर जागा उरली नाही. हे सांगताना त्या स्वतःच खूप हसायच्या. मीही हसायचे. आज ते आठवले की हसू येत नाही.

रेडिओने आपले फार भले केले. दुपारच्या वेळी एकटीला सोबत दिली. पण एक फरक पडला. जात्यावर बाई गात होती, रेडिओपुढे ती ऐकू लागली. टीव्ही आला तेव्हा ती पाहू लागली. आता मोबाईलवर पाहिजे ते गाणे पाहिजे तेव्हा लागते. म्हणजे घरात गाणे वाढले, आणि घरातल्या बाईचा आवाज मात्र कमी झाला. मुलाला झोपवायचे असले तरी अंगाई मोबाईलच म्हणतो. तो बिचारा थकत नाही, चिडत नाही, हे खरे. पण त्या अंगाईत आपल्या घरातल्या बाळाचे नाव नसते.

आता मी माझ्या घरातली एक हकीकत सांगते. ती सांगावी म्हणूनच खरे तर मी बोलायला तयार झाले.

२०१९ सालच्या पावसाळ्यात आमच्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आयुष्यभर जिने घर बोलते ठेवले, तिच्या तोंडी 'हो' आणि 'नको' एवढे दोनच शब्द उरले, आणि तेही कधी उलटसुलट व्हायचे. इस्पितळातून घरी आणल्यावर सर्वांत मोठी अडचण झाली ती जेवणाची. पातळ पदार्थाने ठसका लागे, म्हणून डॉक्टरांनी मऊ आणि घट्टसर द्यायला सांगितले होते. मी खिमट केले, मऊ भात केला, नाचणीची खीर केली. दोन घास झाले की त्या तोंड मिटून घेत. मी घरात सर्वांना विचारले, "यांना आवडते तरी काय?" सासरे विचारात पडले. आमच्या यजमानांनी सांगितले, "आईला सगळेच आवडते." नणंदांना फोन केला. एक म्हणाली, पुरणपोळी. पण ती तर सासऱ्यांची आवड होती. पन्नास वर्षे ज्या बाईने या घरात प्रत्येकाची आवड लक्षात ठेवली, याला कांदा कमी, त्याला तिखट जास्त, धाकट्याला सायीचा भात, तिला काय आवडते हे घरात एकालाही सांगता येईना.

असे पंधरा-वीस दिवस गेले. एका दुपारी मी त्यांच्या उशाशी बसून तांदूळ निवडत होते. काम करताना माझ्या तोंडात आईच्या ओवीची चाल आली. शब्द नव्हते, नुसती चाल. आणि माझ्या कानांवर विश्वास बसेना. खाटेवरून सासूबाई गाऊ लागल्या! शब्दांसहित! आवाज बारीक, जीभ जड, पण ओवी पुरी. 'पाणी' हा शब्द ज्यांना म्हणता येत नव्हता, त्यांनी एक झाली, दोन झाल्या, अशा चार ओव्या म्हटल्या. मी निवडायचे ताट बाजूला सारले आणि रडू आवरीत बसून राहिले.

डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "असे पुष्कळदा होते. बोलणे आणि गाणे मेंदूत एकाच जागी राहत नाही. बोलण्याची जागा दुखावली तरी लहानपणी घोटलेले गाणे शाबूत राहू शकते." ते शास्त्र मला सगळे समजले असे नाही, पण एक गोष्ट समजली. रोज दुपारी मी चाल धरायची आणि त्या गायच्या. माझी मुलगी शाळेच्या जुन्या वहीत उतरून घ्यायची. आजीचे शब्द अडखळले की ती थांबायची, आणि पुन्हा पहिल्यापासून चाल धरली की पुढचा शब्द आपोआप यायचा.

त्यांतल्या एका ओवीत माहेरचे वर्णन होते. पावसाची झड लागली आहे, आईने ताकातली उकड केली आहे, लसणीचा वास अंगणापर्यंत आला आहे, आणि लेक म्हणते की माझा वाटा काढून ठेव. अशा अर्थाची ती ओवी. ती म्हणताना सासूबाईंचा डावा हात तोंडाकडे गेला. मी काय ते ओळखले. उठले, आंबट ताक घेतले, त्यात तांदळाचे पीठ कालवले, तेलावर मोहरी, हिंग, ठेचलेली लसूण आणि एक मिरची घातली, आणि गुठळी होऊ न देता उकड शिजवली. वरून कच्चे तेल सोडले. त्या दिवशी सासूबाईंनी वाटीभर उकड खाल्ली आणि वाटी पुढे केली. आणखी पाहिजे होती! आमचे यजमान एस.टी.त चालक आहेत. रात्री ड्यूटीवरून आले, त्यांना मी हे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "या घरात उकड कधी झालेलीच मला आठवत नाही." सासऱ्यांना ती आवडत नव्हती, म्हणून झाली नव्हती. एवढे साधे कारण.

सासूबाई त्यानंतर दोन वर्षे होत्या. २०२१ साली गेल्या. त्या वहीत एकेचाळीस ओव्या आहेत. त्यांना येत तर शेकड्यांनी असाव्यात. बाकीच्या त्यांच्याबरोबर गेल्या.

मैत्रिणींनो, हे केवळ आमच्या घरचे आहे असे मला वाटले होते. पण गेल्या वर्षी मंडळाने पाककृतींची स्पर्धा घेतली, तेव्हा अर्जात एक रकाना होता, 'आपला आवडता पदार्थ'. अर्ज जमा करायचे काम माझ्याकडे होते, म्हणून मी पाहिले. पुष्कळजणींनी लिहिले होते, 'मुलांना पावभाजी आवडते', 'ह्यांना सुरमई आवडते'. काहींनी रकाना कोरा ठेवला होता. एकीने लिहिले होते, 'जे उरेल ते'. थट्टेने लिहिले असेल. पण अशी थट्टा उगाच सुचत नाही.

'जे उरेल ते' याचा हिशेब शरीर ठेवत असते. सरकारने २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. त्यात आपल्या महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या बायकांपैकी शेकडा ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे या सभागृहात माझ्या उजव्या हाताला एक मैत्रीण बसली आहे आणि डाव्या हाताला एक, त्यांतली एक त्या हिशेबात आली. बाईच्या रक्ताचा आकडा बाराच्या खाली जाऊ नये, असे डॉक्टर सांगतात. मंडळाने हळदीकुंकवाला रक्ततपासणी ठेवली होती, तेव्हा माझा आकडा सव्वानऊ निघाला. घरात भाजी निवडणारी मी, शिजवणारी मी, आणि पालेभाजी माझ्या ताटात येईपर्यंत पातेल्यात नुसता रस्सा!

याला उपाय महाग नाहीत. नाचणी, बाजरी, अळीव, पालेभाज्या, कडधान्ये हे आपल्या आयाच देत आल्या. भारताने सुचवले म्हणून २०२३ हे वर्ष जगभर भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले. आपल्या बाजरी-नाचणीला केवढा मान मिळाला! पालेभाजीवर लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगी लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते. एवढ्या दोन गोष्टी पाळल्या तरी फरक पडतो. आकडा फारच खाली असेल तर डॉक्टरांच्या गोळ्या घ्याव्यातच. पण या सगळ्याच्या आधीचा उपाय म्हणजे आपले ताट सर्वांच्या बरोबर मांडणे. गरम अन्नाची चव आपल्यालाही कळते, हे घरातल्यांना कधी तरी कळू द्यावे.

यावर आपण म्हणाल, वेळ कुठे आहे? खरे आहे. २०२४ साली सरकारनेच देशभर माणसांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २८९ मिनिटे त्यात जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. म्हणजे आपले पावणेपाच तासांहून अधिक, आणि त्यांचा दीड तासही नाही. तोही जे पुरुष घरकाम करतात त्यांचाच हिशेब. जे करीतच नाहीत, ते यात धरलेले नाहीत. मागच्या रांगेतल्या मंडळींनी मान खाली घालू नये. मी आकडा सांगितला, नाव कुणाचे घेतले नाही.

आपल्या कामाची लाज मात्र कुणी धरू नये. कमलाबाई ओगले चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी १९७० साली 'रुचिरा' लिहिले. त्यात मापे दिली ती वाटीची आणि चमच्याची, आपल्या हाताशी असतात ती. त्या पुस्तकाच्या आधाराने परगावी, परदेशी गेलेल्या किती नववधूंचे संसार मार्गी लागले! चौथी शिकलेल्या बाईला ते साधले, कारण जे हाताला येत होते ते तिने कागदावर उतरवले. बहिणाबाईंच्या बाबतीत ते दुसऱ्यांनी उतरवले. दोन्हींकडे वाचवले ते कागदानेच.

म्हणून मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते. पैसा फारसा लागणार नाही.

पहिली सूचना वहीची. मंडळाने एक मोठी वही करावी. आपल्यात कोकणातल्या आहेत, देशावरच्या आहेत, आगरी भगिनी आहेत, विदर्भातून आलेल्या आहेत. ज्यांच्या घरी सासू, आई, आजी आहेत, त्यांनी त्यांच्या ओव्या, धवले, अंगाया, भोंडल्याची गाणी, जशी येतील तशी त्या वहीत लिहावीत. शुद्धलेखनाची भीती बाळगू नये. माझ्या सासूबाईंच्या वहीत माझ्या मुलीच्या पुष्कळ चुका आहेत, आणि त्या वहीला आमच्या घरात पोथीचा मान आहे. ज्यांना मोबाईल चालवता येतो, त्यांनी आवाजही धरून ठेवावा, कारण चाल कागदावर उतरत नाही. हे काम आज करायचे आहे. म्हातारी माणसे आपल्या सवडीची वाट पाहत थांबत नाहीत.

दुसरी सूचना भोंडल्याची. आश्विनात आपण मुलींना घेऊन पाटावर हत्ती काढावा आणि फेर धरावा. हादग्याच्या जुन्या चालीप्रमाणे पहिल्या दिवशी एक गाणे, एक खिरापत. दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती कमान असते. सोळा दिवस आपल्याला झेपणार नाहीत, पाच तरी करू. ध्वनिक्षेपक लावायचा नाही. गाणे ज्याच्या त्याच्या गळ्यातून यायला हवे. आणि खिरापत ओळखायचा खेळ मुलांनाही खेळू द्यावा. डब्यात काय आहे हे ओळखायला आधी स्वयंपाकघराची ओळख लागते, ती त्यांना याच निमित्ताने होईल.

तिसरी सूचना आवडीची. महिन्यातून एक दुपार आपण अंगतपंगत करावी. अट एकच. प्रत्येकीने आपल्या डब्यात स्वतःच्या आवडीचा पदार्थ आणायचा. मुलांच्या नव्हे, यजमानांच्या नव्हे, स्वतःच्या. काहीजणींना पहिल्या महिन्यात आठवणार नाही. हरकत नाही, दुसऱ्या महिन्यात आठवेल. मी माझ्यापुरते सांगून टाकते. मला मासवडी आवडते. बेसन शिजवायचे, ओल्या फडक्यावर थापायचे, त्यात तीळ-खोबऱ्याचे सारण भरून वळकटी करायची, वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शाबरोबर खायच्या. खटाटोप मोठा, म्हणून या घरात आल्यापासून मी ती पाहुण्यांसाठी केली, सणासाठी केली. आता माझ्यासाठी म्हणून करणार आहे, आणि घरातल्यांनाही ती खावी लागेल.

माझ्या मुलीने परवा मला विचारले, "आई, तुला काय काय आवडते ते सांग, मी लिहून ठेवते." आजीच्याच वहीत मागची पाने कोरी होती, तिथे तिने लिहायला घेतले. तीन पदार्थ आणि दोन गाणी झाली. बाकी आठवते आहे.

मंडळाची ती मोठी वही मी आजच आणली आहे. दाराजवळच्या टेबलावर पेन्सिलीसह ठेवली आहे. जाताना प्रत्येकीने एक ओळ तरी लिहावी. गाण्याची नसेल तर आवडत्या पदार्थाची. आणि आज पंगत बसेल तेव्हा आपण सर्वजणी एकाच पंगतीत पहिल्या बसू. भात गरम आहे, आमटी गरम आहे. वाढायला मागच्या रांगेतली मंडळी तयार आहेत असे चिटणीसबाईंनी मला सांगितले आहे. त्यांनी अजून त्यांना विचारले नसेल, तर आता सर्वांदेखत विचारावे.